मडफ्लॅप लावायचे का? बुलढाण्याच्या चिखलाचा छोटासा इतिहास

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

कानात हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि "ऐकायला वेळ नाही, वाचतो" म्हणून इथे आलेल्यांचंही स्वागत.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे गाडीच्या चाकामागे लटकणारा रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा. मडफ्लॅप. नवीन गाडी घेतली की ॲक्सेसरीजच्या यादीत तो असतोच. विकणारा म्हणतो, "लावून घ्या साहेब, गाडी स्वच्छ राहते." सोबत आलेला मित्र म्हणतो, "काही उपयोग नाही, पैसे वाया." आणि आपण मधोमध उभे.

आता म्हणाल, यात इतिहास कुठून आला? आहे ना. चिखल कोणाच्या अंगावर उडतो आणि तो अडवायचा खर्च कोण करतो, हा प्रश्न आपल्या भागात दीडशे वर्षं चालू आहे. एका देशात तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यामुळे आधी इतिहास ऐकू, आणि शेवटी "लावायचे की नाही" याचं सरळ उत्तर देऊ. मधेच पुढे ढकलू नका!

आधी चिखलाची ओळख

सगळा चिखल सारखा नसतो. कोकणातली लाल माती पाण्यासोबत वाहून जाते. आपली वऱ्हाडातली काळी माती तशी नाही. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात. कापसाला ही माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. पण चाकाला ती शत्रूसारखी, कारण जी ओल धरते तीच चाकही धरते. आपल्याकडे चिखलाला गारा म्हणतात. गाऱ्यात पाय टाका, चप्पल तिथेच राहते आणि पाय वर येतो. हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलताना सहज करतो: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. चिखली या गावाच्या तर नावातच चिखल ऐकू येतो. आणि घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, म्हणजे जिथलं पाणी आणि माती खारट आहे तो पट्टा. तो लक्षात ठेवा, गाडीच्या पत्र्याचा विषय निघेल तेव्हा तो परत येणार आहे.

चिखलामुळे आलेली रेल्वे

चला मागे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यांना इथून काय हवं होतं? कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या मातीकडे वळल्या.

पण कापूस शेतात असून भागत नाही, तो बंदरापर्यंत पोचला पाहिजे. पूर्वी तो बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. मग बंड्या आल्या, म्हणजे बैलगाड्या. उन्हाळ्यात वाट कडक, गाडी चालते. मृगाचा पाऊस पडला की त्याच वाटेचा गारा होतो. लाकडी चाक, त्यावर लोहाराने बसवलेली लोखंडी धाव, रुंदीला जेमतेम काही बोटं. भरलेली बंडी गाऱ्यात गेली की धाव सुरीसारखी खाली उतरते आणि आखापर्यंत रुतते. मग बैल सोडा, पोती उतरवा, खांदा लावा.

म्हणून रेल्वे. मुंबईहून भुसावळमार्गे निघालेली लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुख्य लाइन खामगावपासून थोडी दूर राहिली, तर त्या बाजारासाठी जलंब ते खामगाव अशी वेगळी छोटी शाखा टाकली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तिच्या उद्घाटनाला आला. जेमतेम तेरा किलोमीटरची लाइन आणि उद्घाटनाला देशाचा व्हाइसरॉय! त्यावरून खामगावच्या कापसाचं वजन कळतं.

पण रेल्वे घाटाखालीच राहिली. घाटावर आजही रेल्वे नाही. खामगाव–जालना लाइनची मागणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती, आज आपल्या तोंडी आहे. म्हणजे अर्धा जिल्हा तेव्हाही चाकावर आणि चिखलावर अवलंबून होता, आताही चाकावरच आहे.

बंडी चिखल उडवत नव्हती

आता एक गंमत बघा. बंडी चिखलात रुतायची, पण कोणाच्या अंगावर चिखल उडवत नव्हती. बंडीला कधी मडफ्लॅप पाहिलाय? गरजच नव्हती. का?

थोडं गणित करू, घाबरू नका. चाक फिरतं तेव्हा त्याला चिकटलेली माती बाहेर फेकली जायला बघते. ही फेक वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, फेक चौपट. बंडी तासाला चार किलोमीटरने चालली तर तिच्या मोठ्या चाकावरच्या मातीला जी फेक बसते, ती मातीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही कमी असते. म्हणून माती चाकाला चिकटून वर जाते आणि ढेकूळ होऊन तिथेच गळून पडते.

तीच माती कारच्या चाकावर घ्या. चाक लहान, वेग ताशी साठ. आता फेक होते वजनाच्या नव्वद पटीच्या आसपास! एक ग्रॅमचा खडा नव्वद ग्रॅमचा असल्यासारखा टायरपासून सुटायला बघतो. आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जात असाल तर त्याच्याही चौपट.

म्हणजे चिखल जुनाच आहे. उडणारा चिखल मात्र वेगासोबत आलाय.

१८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर केला आणि सायकली सुसाट झाल्या. दहा वर्षांत, १८९८ च्या सुमारास, मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. सुरुवातीच्या मोटारींची चाकं उघडी असायची. बसणाऱ्यांच्याच तोंडावर चिखल! म्हणून चाकांवर वळणदार पत्रा आला, तोच मडगार्ड. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी चे फोटो बघा, चारही चाकांवर लांबलचक मडगार्ड आहेत. म्हणजे आधी काय वाचवलं? गाडीत बसलेल्याचे कपडे. पुढे चाकं हळूहळू बॉडीच्या आत गेली, गाड्या गुळगुळीत झाल्या, पण चाकाच्या मागची खालची जागा उघडीच राहिली. तिथून निघालेला चिखल बसणाऱ्याला लागत नाही. तो लागतो गाडीच्या खालच्या पत्र्याला, आणि मागून येणाऱ्याला. तिथे लटकवायला जी झालर आली, ती मडफ्लॅप.

एसटी, ट्रक आणि सायकलवाला

महाराष्ट्रात एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर धावली. तेव्हा आपला जिल्हा त्या राज्यात नव्हताच. बुलढाणा आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, नंतर मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुढे घाटावरच्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा लाल डबा हाच मोठा आधार झाला.

त्या काळचा रस्ता डोळ्यासमोर आणा. मधे एकच गाडी जाईल एवढी डांबराची पट्टी. समोरून बस किंवा ट्रक आला की सायकलवाल्याने खाली उतरायचं, बाजूच्या काळ्या मातीत. डांबर मोठ्याला, गारा छोट्याला. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत होते.

ट्रकच्या मागच्या चाकांना रबराचे मोठे फ्लॅप आले. कधी जुन्या टायरचा रबर कापून, कधी विकतचे. आपल्या लोकांनी त्याचंही अंगण केलं: कोणी मालकाचं नाव रंगवलं, कोणी नजर लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड. मागून येणाऱ्याला ते तोंड दिसतं, पण तोच फ्लॅप त्याच्या काचेवर येणारी गिट्टीही अडवत असतो.

आता सायकलचा अनुभव. हा आपल्या मातीचा खास धडा आहे. सायकलला मडगार्ड असतं ते चिखल अंगावर येऊ नये म्हणून. पण पांदण रस्त्यावर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, पाऊस पडल्यावर सायकल घाला. दहा-वीस हातांवर चाक फिरायचंच थांबतं. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत ठासून बसते. मग काडी घेऊन ती उकरा, चार पावलं जा, परत उकरा. शेवटी सायकल माणसाच्या खांद्यावर! मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचंही तेच होतं.

यातून काय कळलं? चिकट मातीत चाकाला घट्ट मिठी मारणारं कवच धोक्याचं. मोकळं लटकणारं, वाकणारं, माती गळू देणारं बरं. हे आपल्या शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. गंमत अशी, की साधारण हाच वाद हजारो किलोमीटरवर एका कोर्टात चालला.

मडफ्लॅपचा खटला

होय, खरंच. अमेरिका, १९५० चं दशक. इलिनॉय राज्याने कायदा केला: आमच्या रस्त्यावर ट्रक आणायचा असेल तर मागच्या चाकांना वळणदार, चाकाच्या आकाराचं मडगार्डच पाहिजे. साधा सरळ लटकणारा फ्लॅप चालणार नाही. उद्देश चांगला होता, मागच्या गाडीच्या काचेवर चिखल-दगड उडू नयेत.

पण अडचण काय? तोच सरळ फ्लॅप निदान ४५ राज्यांत कायदेशीर होता. आणि शेजारच्या भागातलं आर्कान्सा राज्य म्हणत होतं, आमच्याकडे सरळच पाहिजे! म्हणजे दोन्ही राज्यांतून जाणाऱ्या ट्रकने सीमेवर थांबून फ्लॅप बदलायचे. ट्रकमागे तीस डॉलर किंवा जास्त खर्च, वर दोन ते चार तासांचं काम.

मालवाहतूकदार कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने पुरावे ऐकले आणि निष्कर्ष काढला की वळणदार मडगार्डचा सरळ फ्लॅपपेक्षा सुरक्षेला काही जास्त फायदा नाही. उलट त्याने चाकाभोवती उष्णता कोंडते, ब्रेकवर परिणाम होतो, आणि ट्रक मागे घेताना धक्का लागून ते रस्त्यावर पडू शकतं. २५ मे १९५९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. राज्यांमधल्या व्यापारावर असा बोजा टाकता येणार नाही, म्हणून इलिनॉयचा कायदा रद्द. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात. नाव आहे बिब विरुद्ध नवाहो फ्रेट लाइन्स.

लक्षात घ्या, कोर्टाने "मडफ्लॅप नको" असं म्हटलं नाही. साधा, मोकळा लटकणारा फ्लॅप महागड्या कवचापेक्षा कमी नाही, एवढं पुराव्यातून दिसलं. पांदणीतली सायकल आणि कोर्टातला ट्रक, दोघांची साक्ष एकाच बाजूची.

पुढे युरोपातही विचार झाला. १९९१ मध्ये तिथे जड वाहनांसाठी पाण्याचे फवारे रोखणाऱ्या साधनांचे सामायिक नियम आले. मागच्या चालकाला पावसात काही दिसतच नसेल, तर ती फक्त त्याची अडचण मानायची का, हा त्यामागचा प्रश्न.

आणि भारतात? आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक अस्सल देशी गोष्ट आहे. मागे माणूस बसेल अशा मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागच्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. तोच आपला साडीगार्ड. तोही चालवणाऱ्यासाठी नाही, मागे बसणाऱ्यासाठी आहे.

बरं, मग लावायचे का?

आता हिशोब.

पुढच्या चाकांचे फ्लॅप हे तुमच्या स्वतःच्या फायद्याचे. पुढच्या चाकाने फेकलेली गिट्टी आणि माती थेट दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर बसते. तिथला रंग टवका होऊन उडतो, मग ओला चिखल बसतो, मग गंज. खारपाणपट्ट्यात रोज गाडी फिरत असेल तर जास्त काळजी, कारण क्षार असलेली ओल लोखंडाला चांगली नाही. आजच्या गाड्यांचा पत्रा जुन्या गाड्यांपेक्षा गंजाला चांगला तोंड देतो आणि बऱ्याच गाड्यांत चाकाच्या वर प्लास्टिकचं अस्तर येतं. त्यामुळे फायदा पूर्वीइतका मोठा नाही, पण आहे.

मागच्या चाकांचे फ्लॅप हे बहुतेक दुसऱ्याच्या फायद्याचे. तुमचा मागचा बंपर थोडा स्वच्छ राहील, बस. खरा फायदा मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला. त्याच्या हेल्मेटच्या काचेवर, डोळ्यांवर, छातीवर जे आलं असतं ते खाली पडतं.

तोटे? आहेत. पत्र्याला नवीन भोक पाडून स्क्रू मारला तर त्याच भोकातून गंज सुरू होतो. म्हणून गाडीत आधीच असलेल्या भोकांवर बसणारेच घ्या. फ्लॅप आणि बॉडीच्या फटीत काळी माती साचते. पावसाळ्यात गाडी धुताना तिथे पाण्याचा जोराचा फवारा मारा, नाहीतर वाचवायला लावलेली वस्तूच ओल धरून ठेवेल. गाडी खूप खाली असेल तर फ्लॅप गतिरोधकावर घासतो, आणि दगडावर गाडी मागे घेताना उखडतो. म्हणून कडकपेक्षा वाकणारा बरा. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, टायर लागत तर नाही ना. फार मोठे फ्लॅप हवेचा थोडा अडथळा करतात, पण आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर ते जाणवणारही नाही.

रोजचा प्रवास फक्त शहरात आणि चांगल्या रस्त्यावर असेल तर नाही लावले तरी आभाळ कोसळत नाही. पण चिखली, मेहकर, मोताळ्याच्या खेड्यांत ये-जा असेल, शेताकडे जाणं असेल, तर चारही लावा. काही शे रुपयांपासून मिळतात. एक दार रंगवायचा खर्च विचारून या, मग ठरवा.

जे मडफ्लॅपला जमत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि विकणारा हे सांगणार नाही. डबक्यातून गाडी गेली की बाजूने चालणाऱ्यावर जो पाण्याचा पंखा उडतो, तो मडफ्लॅपने थांबत नाही. तो टायरने पाणी दाबून बाजूला ढकलल्यामुळे उडतो, चाकामागून नाही. फ्लॅप चाकाच्या मागे असतो, माणूस बाजूला. त्यावर जगातला कुठलाही रबर चालत नाही. त्यावर एकच उपाय, पाय ॲक्सिलरेटरवरून काढणं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त लागू आहे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात लोक रस्त्याने चालतात. शेतातून परतणाऱ्या बाया, शाळेची पोरं. आणि वारकरी. श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूर करून परत पायी येते, लोणार, मेहकर, खामगाव करत शेगावला. ऐन पावसाचे दिवस. खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात तर हजारो लोक सोबत चालतात. पांढरे कपडे, खांद्यावर पताका, बाजूला डबकं, आणि मागून येणारे आपण, काच वर, एसी चालू.

रस्ते सुधारलेत, खोटं कशाला बोलायचं. २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घाटावरून जातो आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. समृद्धीवर पायी चालणारा नाही, सायकल नाही, दुचाकी नाही. तिथे वेग आहे आणि वेगाला लागणारी मोकळीक आहे. पण तिथून उतरून गावाच्या रस्त्याला लागलं की रस्ता परत सगळ्यांचा होतो. गाडी खाली उतरते, पायाची सवय मात्र वरच राहते. खरी गडबड तिथे होते.

बंडीला फ्लॅप लागत नव्हता, कारण ती चालणाऱ्या माणसाच्याच वेगाने जायची. आपण वेग घेतला, चांगलं झालं, दवाखान्यात लवकर पोचतो, बाजारात लवकर पोचतो. त्याची किंमत काही प्रमाणात मागच्याने आणि बाजूच्याने मोजली. मागच्यासाठी फ्लॅप लावा. बाजूच्यासाठी वेग कमी करा. पहिल्याला काही शे रुपये लागतात, दुसऱ्याला पाच सेकंद.

तर मंडळी, उत्तर मिळालं? तुमच्या गावाच्या रस्त्याचा, पांदणीचा, फसलेल्या गाडीचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, निवडक किस्से आपण ऐकवू. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो डबकं दिसलं की गिअर बदलून वेग वाढवतो. त्याला कळेल कोणाबद्दल बोलतोय ते.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा. राम राम!